उडीला उत्तर

रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या माडीवर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी ‘स्ट्रीट फायटर ६’ या मारामारीच्या व्हिडिओ गेममधली सलग सातवी मॅच हरला आहे. त्याची ताई हा खेळ खेळत नाही, पण बराच वेळ पडद्याकडे पाहिल्यावर तिने विचारले, “समोरचा दर वेळी उडी मारूनच अंगावर येतो. तेव्हा तू काय करतोस?” त्याला उत्तर देता आले नाही.

फायटिंग गेममधली हार नवख्याला जिव्हारी लागते, कारण इथे दोष द्यायला ना संघातला जोडीदार असतो, ना हाती आलेली वाईट पाने. मग तो रात्र रात्र जागून लांबलचक कॉम्बो, म्हणजे एकाला एक जोडलेल्या फटक्यांच्या साखळ्या, पाठ करतो आणि तरीही हरतो. पहिला फटका बसल्याशिवाय कॉम्बो सुरूच होत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

या खेळात एका सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रे, सरकतात. तो विद्यार्थी खेळतो त्या रयू या पात्राचा हलका ठोसा चौथ्या फ्रेमला, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागात लागतो. उलट डोळ्यांनी पाहून बोटाने बटण दाबायला माणसाला साधारण १२ ते १५ फ्रेम लागतात. म्हणजे तो ठोसा पाहून अडवणे विजेत्या खेळाडूलाही शक्य नाही. त्यासाठी आधीपासूनच ब्लॉक धरून ठेवावा लागतो. उडी मात्र चाळीसच्या आसपास फ्रेम चालते, म्हणून ती दिसते आणि तिला उत्तर देता येते. आपल्या हातून सुटलेल्या गोष्टींपैकी कोणत्या मुळातच अशक्य होत्या, हे एकदा कळले की स्वतःवरचा निम्मा राग तिथेच ओसरतो, असे आम्हाला मनापासून वाटते.

त्या रात्रीपासून त्याने कॉम्बो बाजूला ठेवले. ट्रेनिंग मोडमध्ये समोरच्या पुतळ्याला मधूनच उडी मारायला लावायची आणि रयूला खाली बसवून जोरदार ठोशाचे एकच बटण दाबायचे, एवढाच सराव त्याने केला. मॅच सुरू असताना ताई जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे रेघा ओढत असे: एका रांगेत उड्या, दुसऱ्या रांगेत दिलेली उत्तरे. पहिल्या दिवशी ११ उड्यांना १ उत्तर मिळाले. पाचव्या दिवशी १३ उड्यांना ६. ती मॅचही तो हरला, पण या वेळी त्याने स्वतःहून आणखी एक मॅच मागितली.

प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराची ज्यांना ओळख आहे, त्या वडोदरेकरांना डावावर तोड असते हे नव्याने सांगायला नको. इथेही तसेच आहे. हरलेल्या मॅचचा रिप्ले शांतपणे पाहिला, तर बहुतेक वेळा एकाच चुकीने तीनदा मार खाल्लेला दिसतो आणि दुसऱ्या दिवशीचा सराव ठरून जातो. अवघड चाली एका बटणावर देणारी मॉडर्न पद्धत वापरण्यात काहीही कमीपणा नाही. आणि डोके तापले असेल, तर उठून सुरसागर तलावाला एक फेरी मारून यावे.

फायटिंग गेमच्या २००४ च्या एव्हो स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ३’ खेळताना डायगो उमेहाराने जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राचे १५ फटके एकामागून एक परतवले, तो क्षण अशा खेळांच्या चाहत्यांना तोंडपाठ आहे. त्यातला पहिला फटका पाहून परतवणे शक्य नव्हते. तो येणार हे ओळखून आधीच हालचाल करावी लागली होती. त्याच स्पर्धेची अंतिम लढत उमेहारा हरला, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे खेळत राहिला.

आज माडीवर पुन्हा दिवा लागला आहे. कॅलेंडरचे पान आता भरले आहे. मुलाने नवीन पान उलटे करून ताईपुढे सरकवले आणि तिसरी रांग आखायला सांगितली आहे. तिच्यावर त्याने स्वतःच्या हाताने ‘थ्रो’, म्हणजे पकडून फेकणे, असे लिहिले आहे.