फेज केव्हा ऐकू येतो?

आजच्या विषयाची सुरुवात एका साध्या प्रयोगाने करू, आणि तो कोणत्याही सॉफ्टवेअर सिंथेसायझरवर होऊ शकतो. एकच ऑसिलेटर (स्वराचा तरंग निर्माण करणारा भाग) चालू ठेवावा, त्यावर साइन (गुळगुळीत) किंवा सॉटूथ (करवतीच्या दातांसारखा) तरंग घ्यावा, अटॅक, म्हणजे स्वर चढायला लागणारा वेळ, थोडा सावकाश ठेवावा आणि फेजचा, म्हणजे तरंग आपल्या आवर्तनात कुठून सुरू होतो हे ठरवणारा, नॉब ०, ९० व १८० अंशांवर ठेवून तीच पट्टी तीनदा दाबावी. तिन्ही स्वर सारखेच ऐकू येतील. आपला कान ध्वनीतील घटक स्वर वेगळे करून ऐकतो, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग ओम यांनी १८४३ मध्ये मांडले, आणि ध्वनीचा रंग हार्मोनिकांच्या (मूळ वारंवारतेच्या एकपट, दुप्पट, तिप्पट अशा घटकांच्या) जोरावर ठरतो, त्यांच्या फेजवर नव्हे, असे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी पुढे त्याच वाटेने सांगितले. हा नियम तंतोतंत खरा नाही, विशेषतः खालच्या स्वरांत तो ढिला पडतो. पण एकट्या, स्थिर स्वरापुरता त्यावर विसंबता येते. मग सिंथवर फेजचा नॉब दिलेला तरी कशासाठी असतो? त्याचे कारण असे की फेज एकटा ऐकू येत नाही. त्याला दुसरा ऑसिलेटर, स्वराचा आरंभबिंदू किंवा डिस्टॉर्शनसारखी तरंगाच्या आकारावर चालणारी प्रक्रिया सोबत लागते.

सॉफ्टवेअरच्या आत पाहिले, तर ऑसिलेटर म्हणजे ० ते १ या टप्प्यात फिरत राहणारा एक आकडा असतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जात असतील आणि ४४० हर्ट्झचा स्वर हवा असेल, तर प्रत्येक नमुन्यागणिक त्या आकड्यात सुमारे ०.००९९८ ची भर पडते, तो १ ओलांडताच पुन्हा आरंभाकडे वळतो, आणि तो जिथे असेल तिथली तरंगाची उंची बाहेर पाठवली जाते. हा आकडा म्हणजेच फेज; ० ते १ हा टप्पा म्हणजे ० ते ३६० अंश. पट्टी दाबली जाते त्या क्षणी तो ठरलेल्या जागी आणून ठेवायचा, आहे तिथून पुढे चालू द्यायचा, की मनाला येईल तिथे टाकायचा, एवढाच निर्णय आपल्या हाती असतो. सायलेंथ-वन या सॉफ्टवेअर सिंथमध्ये त्यासाठी रिट्रिगचे (पट्टी दाबताच फेज ठरलेल्या जागी आणणारे) बटण व फेजचा नॉब आहे, तर सिरम आणि व्हायटल या सिंथांत फेजच्या जोडीला तो किती यादृच्छिक असावा हे ठरवणारा वेगळा नॉब आहे. या दोन्हींच्या कोऱ्या प्रीसेटमध्ये (आरंभीच्या मांडणीत) तो नॉब पूर्ण उघडा असतो, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

आता दुसरा ऑसिलेटर चालू करू. एकाच वारंवारतेच्या दोन समान साइन तरंगांच्या फेजमध्ये फरक नसेल, तर बेरीज ६ डेसिबलने चढते; फरक ९० अंशांचा असेल तर ती ३ डेसिबलने चढते, १२० अंशांवर दोन तरंग मिळून एकाएवढेच वाजतात आणि १८० अंशांवर शांतता पसरते. सॉटूथच्या बाबतीत शांतता होत नाही, त्याहून मजेदार गोष्ट घडते: १८० अंशांवर पहिले, तिसरे, पाचवे अशी विषम हार्मोनिके एकमेकांना खोडतात, सम तेवढी उरतात, आणि कानाला एक सप्तक वरचा सॉटूथ ऐकू येतो. सुरांचे एक अक्षरही न बदलता सप्तक बदलते.

बेसच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ इथेच असते. समजा, एक सॉटूथ ५५ हर्ट्झवर आहे आणि दुसरा जाडी यावी म्हणून ५५.५ वर डिट्यून केला आहे. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित विजोड असल्या की नाद जसा डोलतो, तसाच हा स्वरही डोलेल आणि त्याचा एक डोल दोन सेकंदांचा असेल. पण मिनिटाला १२० मात्रांच्या गतीत अर्ध्या मात्रेची नोट केवळ पाव सेकंद टिकते, म्हणजे तेवढ्या अवधीत दोघांमधला फेजचा फरक फक्त ४५ अंशांनी सरकतो. ऑसिलेटर मोकळे धावत असतील आणि एखादी नोट नेमकी १६० अंशांच्या फरकावर सुरू झाली, तर ती २०५ वर संपते. संपूर्ण नोटभर मूळ स्वर जवळजवळ खोडलेला राहतो, वरचे सप्तक मात्र ठणठणीत वाजते. पुढची नोट भरदार येते, तिसरी पुन्हा पोकळ. अशा वेळी लोक आवाजाचे चढउतार आवळणारा कॉम्प्रेसर लावतात, इक्वलायझरने खालचा भाग चढवतात, आणि मुळात जे तिथे उरलेलेच नाही ते चढवण्याचा प्रयत्न चालू राहतो. उपाय सोपा आहे: दोन्ही ऑसिलेटर रिट्रिगर करावेत, यादृच्छिकपणा शून्यावर आणावा आणि दोघांना एकाच फेजवर सुरू करावे. मग पाव सेकंदाच्या शेवटी मूळ स्वर जेमतेम ०.७ डेसिबलने उतरतो. नोट एक सेकंद लांबली तर मात्र तो पूर्ण खोडला जाईल, म्हणून लांब नोटांसाठी तळाला डिट्यून न केलेला एकच साइन ठेवणे आणि सॉटूथांचा तळ फिल्टरने कापणे मला अधिक पटते.

युनिझनमध्ये, म्हणजे एकाच स्वराच्या किंचित विजोड अशा अनेक प्रती एकत्र वाजवताना, याच्या उलट वागावे लागते. रोलंडच्या जेपी-८००० या सिंथने रूढ केलेल्या सुपरसॉमध्ये सात सॉटूथ असतात. ते सारे एकाच फेजवर सुरू केले तर आरंभी त्यांची बेरीज एकट्याच्या तुलनेत जवळजवळ १७ डेसिबल चढते आणि प्रत्येक नोटेच्या तोंडाशी तोच घसरत जाणारा आवाज येतो. फेज विखुरलेले असतील तर सरासरी चढ साडेआठ डेसिबलच्या आसपास राहतो. इथे यादृच्छिकपणा हवाच.

किकची, म्हणजे बेस ड्रमच्या ठोक्याची, गोष्ट निराळी आहे. ५० हर्ट्झच्या साइनचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, त्यामुळे ठोका कुठून सुरू झाला हे ऐकू येते. शून्य अटॅक ठेवून ९० अंशांवर सुरुवात केली, तर तरंग एका नमुन्यात शिखरावर उडी घेतो आणि टक् असा आवाज होतो. ० अंशांवर ती उडी नसते. दोन्हींपैकी काय हवे ते आपण ठरवावे, पण ते दर ठोक्याला बदलू नये. १९८० च्या टीआर-८०८ या ड्रम मशीनचा बेस ड्रमदेखील सतत फिरणारा ऑसिलेटर नव्हता. स्पंदाने ठोकला की घुमणारे ते सर्किट होते, म्हणून त्याचा आरंभ दर वेळी जवळपास सारखा येई.

डिस्टॉर्शन लावताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सॉटूथ आणि त्याच्या एक सप्तक खालचा साइन यांची बेरीज फेज बदलला तरी कानाला साधारण तीच वाटते, परंतु तरंगाची शिखरे बदललेली असतात, आणि डिस्टॉर्शन शिखरांवरच काम करत असल्यामुळे पुढचा रंग पालटतो. एफएममध्येही (एका ऑसिलेटरने दुसऱ्याचा तरंग हलवण्याच्या पद्धतीत), विशेषतः दोन्ही ऑपरेटर, म्हणजे त्यातले ऑसिलेटर, एकास एक प्रमाणात असताना, त्यांच्यातील फेजचा फरक रंग ठरवतो. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ या एफएम सिंथवर ऑसिलेटर की सिंकची (पट्टी दाबताच ऑसिलेटर आरंभापासून सुरू करण्याची) सोय होती ती उगीच नव्हे.

यादृच्छिक फेज ठेवलेला प्रोजेक्ट दर वेळी बाउन्स करताना (ऑडिओ फाइलमध्ये उतरवताना) थोडा वेगळा निघतो. मिक्ससाठी कुणाकडे फाइली पाठवायच्या असतील, तर पसंत पडलेला टेक लगेच ऑडिओत उतरवून ठेवावा, कारण तोच टेक सिंथ पुन्हा वाजवून मिळणार नाही.