कॅमेरा घ्यावा तो अंधारासाठी

मंडळी, विषय दिलाय 'प्रवासासाठी छोटा कॅमेरा कसा निवडावा'. त्याकडे येतोच, पण आधी तुम्हाला अजिंठ्याला नेतो. अजून अजिंठा न पाहिलेलं इथे कुणी असेल, तर हात वर करू नका. गुपचूप जाऊन या.

आईला घेऊन गेलो होतो. गुडघे दुखत असतानाही ती सगळ्या पायऱ्या चढली. पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर कितीतरी वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "फोटो काढ रे, घरी पुन्हा नीट बघू." माझ्या हातात नवा कोरा, तीसपट झूमचा कॅमेरा होता. दुकानदाराने रस्त्यापलीकडच्या पाटीवरची अक्षरं मोठी करून दाखवली आणि मी भुललो. पण ती पाटी भर दुपारच्या उन्हात होती! लेण्यात फ्लॅशला मनाई, आणि ती हवीच. दीड हजार वर्षांचे रंग आहेत ते. घरी फोटो टीव्हीवर लावला. आई चष्मा पुसून जवळ गेली, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "कमळ कुठंय रे?"

हातातलं निळं कमळ भिंतीत विरघळलं होतं. असं का झालं ते ऐका. प्रकाश टिपणारा सेन्सर त्या कॅमेऱ्यात साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान. प्रकाश कमी पडला की कॅमेरा आयएसओ, म्हणजे प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, वाढवतो, मग चित्रात दाणे येतात. ते दाणे पुसताना कॅमेरा चित्रकाराची रेषही पुसतो. त्यात झूम ताणला की भिंगाचं तोंड एफ ६.४ पर्यंत आवळतं; एफचा आकडा जितका मोठा, तितकं तोंड लहान. एफ १.८ च्या भिंगातून त्याच्या बारापट प्रकाश आत येतो. बारापट! खोक्यावर मात्र झूमचा आकडा मोठ्या अक्षरात आणि हा एफचा आकडा मुंगीएवढा.

आता 'एक इंची सेन्सर'. तो एक इंच नसतोच बरं का, १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो. हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलं. त्या नळ्यांची गोष्ट मोठी रंगतदार आहे, पण चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत.

तर भरभर सांगतो. लेणी, देवळांचे गाभारे, रात्रीचे बाजार बघणार असाल तर निदान एक इंची सेन्सर घ्या. २०१२ साली सोनीने आरएक्स १०० काढला, तेव्हापासून तो खिशात मावतो. झूमशिवाय चालत असेल तर रिको जीआर ३: सेन्सर आणखी मोठा, वजन २५७ ग्रॅम. पक्षी टिपायचे असतील तर झूम घ्या, पण उजेडातच. उन्हात गड चढणाऱ्यांनी डोळा लावायची खिडकी असलेलाच घ्यावा, पडद्यावर काही दिसत नाही. जादा बॅटरी विमानात हातातल्या पिशवीत ठेवा. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. नाहीतर भिंगाला बुरशी लागते.

आणि दुकानात पाटीचा फोटो काढू नका. फ्लॅश बंद करा, काउंटरखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात स्वतःचा रुमाल टाका आणि त्याचा फोटो काढा. कापडाची वीण दिसली, तरच किंमत विचारा.