शेपटीला रक्त लागलेली शेळी

मंडळी, समोर निम्मे शेळीपालक बसलेत आणि निम्मे नवे पशुवैद्यक, म्हणून शेळीच्या गर्भपिशवीच्या गाठींवर बोलायची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

एका आजींची दहा वर्षांची उस्मानाबादी शेळी. एवढी म्हातारी शेळी आपल्याकडे दिसतेच कुठे? भाकड राहिली की बाजार. पिशवीच्या गाठी बहुतेक उतारवयात होतात आणि तेवढं वय आपण शेळीला गाठूच देत नाही. आजींनी विकली नव्हती. तक्रार एवढीच, "हिची शेपटी रक्तानं माखते." मी पिशवीला सूज धरली, प्रतिजैविक दिलं. रक्त थांबलं, पंधरा दिवसांनी परत आलं. परत तेच इंजेक्शन. तिसऱ्या खेपेला आजी म्हणाल्या, "डॉक्टर, दोन वर्षं ही व्यायली नाही की गाभडली नाही. मग पिशवी सुजंल कशानं?"

हा प्रश्न मी पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता. जार अडकणं, गाभडणं, पोटात करडू मरणं, सगळं विण्याच्या आगेमागे होतं. त्यातलं काहीच घडलेलं नाही आणि म्हातारी शेळी अधूनमधून रक्त टाकते, मध्येच कुंथते, तर गाठीची शंका आधी घ्यायची.

गाईसारखा हात घालून शेळीची पिशवी चाचपता येत नाही, बोटापलीकडे जागाच नाही. स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून धरायचं साधन, आणि बॅटरी घेऊन रक्त योनीतलं की आतून येतंय ते बघा. मग सोनोग्राफी. कासेच्या पुढची, मांडीच्या सांध्याजवळची बिनकेसाची जागा घ्या, भरपूर जेल लावा.

इथे एक फसवणूक आहे. पोट वाढलंय, माज बंद आहे, मालक म्हणतो गाभण. पडद्यावर काळं पाणी दिसतं, त्यात पातळ पांढरे पडदे हलतात. पण करडूही नाही आणि जाराच्या गोल चकत्याही नाहीत. हा हायड्रोमेट्रा, म्हणजे खोटं गाभणपण. प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकाच्या इंजेक्शननं, कधी आपोआपही, पाणी निघून जातं. पू असेल तर त्या पाण्यात करडे कण तरंगतात. वाळलेल्या करडाची हाडं लख्ख चमकतात. गाठ मात्र भरीव दिसते, कुठे करडी, कुठे काळी. तिच्याभोवती पाणीही साचलेलं असू शकतं. आजींच्या शेळीत लिंबाएवढा भरीव गोळा दिसला.

गोळा आहे एवढं सोनोग्राफी सांगते. तो स्नायूंचा साधा लिओमायोमा, त्याचाच दुष्ट, कर्करोगी भाऊ लिओमायोसार्कोमा की ग्रंथींचा कर्करोग अ‍ॅडेनोकार्सिनोमा, हे सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइडच सांगते. स्रावातल्या पेशी तपासून कधी सुगावा लागतो. पण तिथे काही सापडलं नाही म्हणून गाठ नाही, असं समजू नका. शस्त्रक्रियेआधी छातीचा एक्स-रे काढा, कर्करोग फुफ्फुसात उतरलेला असू शकतो. पापणीही उलटून पाहा. पांढरी पडली असेल तर रक्त किती गेलंय ते मोजा; आणि जंताचाही विचार करा, आपल्याकडे त्यानंही पापणी पांढरी पडते.

काढलेली पिशवी प्रयोगशाळेत पाठवताना अख्खीच्या अख्खी बरणीत कोंबू नका, आत फॉर्मॅलिन पोचत नाही, मधला भाग सडतो. गाठीच्या कडेचे आणि मधले, सेंटिमीटरभर जाडीचे तुकडे घ्या, दहा टक्के फॉर्मॅलिन त्यांच्या दहापट. चिठ्ठीवर नुसतं 'गाठ' लिहू नका. वय, शेवटचं वेत, रक्त कधीपासून, सगळं लिहा.

बीजांडाची गाठ वेगळी खूण देते: शेळी बोकडासारखी वागायला लागते, दुसऱ्या शेळ्यांवर चढते. बोकडात दोन्ही अंड हातात घेऊन तुलना करा. सुजलेलं अंड म्हणजे गाठच असं नाही. ब्रुसेला या जिवाणूनंही सूज येते, आणि तो माणसालाही लागतो, तेव्हा आधी हातमोजे.

आजींच्या शेळीचा अहवाल लिओमायोमा आला. पिशवी काढली, टाके सुकले, रक्त परत आलं नाही. शेवटची भेटायला गेलो तेव्हा ती आजींच्या शेवग्याची साल खात होती आणि आजी तिला शिव्या देत होत्या.