बीपी मोजताना हात कुठे होता?

नमस्कार नाशिककर! आज बीपीबद्दल बोलूया, पण मीठ कमी करा वगैरे नाही हां, ते तुम्ही घरी रोज ऐकताच. आज फक्त एवढंच, की मोजताना तुम्ही बसला कसे होतात.

कृषीनगरच्या ट्रॅकवरून घामाघूम आलात, बूट न काढताच पट्टा गुंडाळला, पायावर पाय, हात खाली लोंबतोय, आणि "अगं चहा टाक" चालूच, मग आकडा १५२ आला की घरभर टेन्शन. अहो, त्यातले बरेच पॉइंट तुमच्या बसण्याचेच! हात हृदयापेक्षा १० सेंटीमीटर खाली असला तरी रीडिंग साधारण ७-८ ने वाढतं, पायावर पाय टाकला की अजून चढतं, बोलण्याने तर चढतंच. चालून आल्यावर किंवा चहा झाल्यावर अर्धा तास थांबा, मग पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर ठेवून ५ मिनिटं गप्प बसा. गप्प बसणं आपल्याकडे जरा अवघडच जातं, पण बसा.

आता उठण्याचं बघा. लासलगाव-निफाडकडे कांदा काढायला माणसं किती वेळ उकिडवी बसतात, पटकन उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येते, कारण अर्धा-पाऊण लिटर रक्त एकदम पोटात-पायात उतरतं आणि हृदयाकडे कमी येतं. मानेच्या धमन्यांत आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमनीत प्रेशर ओळखणारे सेन्सर असतात, ते मेंदूला कळवतात, मग ठोके मिनिटाला १०-२० ने वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि काही सेकंदात सगळं जागेवर येतं. तरुणपणी कळतही नाही. पण वय झालं, डायबेटीस जुना असला, किंवा बीपीची, लघवीची, प्रोस्टेटची गोळी चालू असली की ही यंत्रणा ढिली पडू शकते.

रात्री बाथरूमला उठताना आजोबा पडले की घरचे फरशीला नावं ठेवतात, उभ्याने बीपी कोणी बघतच नाही! मला विचाराल तर म्हाताऱ्या माणसाचं नुसतं बसवून मोजणं म्हणजे अर्धंच मोजणं. उभं राहिल्यावर ३ मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगाच. पलंगावरून उठताना आधी मिनिटभर बसायचं, पाय हलवायचे, पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका बरं का, बसून आणि उभ्याने असे दोन्ही आकडे कागदावर लिहून न्या.