‘होईल सवय’ म्हणू नका! सोलरचं काम, ऊन आणि पहिला आठवडा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली सारखा एकच प्रश्न येतोय, ‘सोलरमध्ये काम मिळतंय, तब्येतीला बरं असतं ना?’ एकाने तर लिहिलंय, ‘ग्रीन जॉब आहे, म्हणजे धूर नाही, त्रास नाही, टेन्शन नाही.’ धूर नाही, कबूल. पण ‘ग्रीन’ म्हटलं की आपल्याला उगाचच गार वाटायला लागतं. अहो, ऊन जिथे सगळ्यात जास्त तिथेच पॅनल लागतं, आणि ते लावणारा माणूसही तिथेच उभा असतो. सावली पडत असेल तर जागा चुकली!

साध्या गोष्टी पटापट उरकतो, त्या तुम्हाला माहीतच आहेत. दर १५-२० मिनिटांनी कपभर पाणी, तहान लागायची वाट बघायची नाही. सावलीत विश्रांती. हार्नेस, म्हणजे छतावरून पडू नये म्हणून अंगावर बांधून दोरीला अडकवायचा पट्टा. आणि विजेचं एकच: मेन स्विच पाडला म्हणजे पॅनल बंद पडलं असं समजू नका. उजेड आहे तोवर पॅनलकडच्या वायरीत व्होल्टेज असतंच. चला पुढे.

आता माझ्या डोक्यात जाणारं वाक्य. ‘होईल सवय.’

मी स्वतः छतांवर काम केलंय. आमच्यात एक नवा पोरगा आला. कामाचा दुसरा दिवस, दुपारचा दीड. सुपरवायझरने पहिल्या दिवसापासून त्याला पूर्ण पाळी लावली होती. मी बघतोय, तर हा हार्नेसचा हुक दोरीला लावायचा सोडून स्वतःच्याच पँटच्या लुपीत अडकवतोय. काढला, परत तिथेच अडकवला. मी ओरडलो, ‘लक्ष कुठंय तुझं?’ म्हणाला, ‘हो दादा.’ ‘पाणी प्यायलास?’ ‘हो दादा.’ ‘बरं, नाव काय तुझं?’ ‘हो दादा.’

तिथे माझ्या अंगावर काटा आला. धरून धरून सावलीत आणला, ॲम्ब्युलन्सला फोन लावला आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहिलो, वारा घालत राहिलो. वाचला. हे लक्षात ठेवा: उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलायला लागला की फोन करा आणि त्याच क्षणी अंग गार करायला सुरुवात करा. दवाखान्यात गेल्यावर बघू, असं नाही. आणि शुद्ध जात असेल तर तोंडात पाणी घालू नका.

तर सवय. होते की, कोण नाही म्हणतंय! पण ती शरीराला होते, आणि तिला ७ ते १४ दिवस लागतात. घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो, घामातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं, त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या अंगात यातलं फारसं काही झालेलंच नव्हतं. जिद्द भरपूर होती. जिद्दीने घाम लवकर सुटत नाही.

एक कॉमेंट वाचतो. ‘आम्ही पहिल्या दिवसापासून दहा-दहा तास केलं, काही झालं नाही. तुम्ही एसीत बसून बोलता.’ दादा, एसी नाहीये, आणि पंखासुद्धा बंद ठेवलाय, माईकमध्ये आवाज येतो म्हणून. राहिलं तुमचं. तुम्हाला काही झालं नाही, आनंद आहे. ज्यांना झालं ते कॉमेंट करायला येत नाहीत. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचं काम बघणारी ओशा ही सरकारी यंत्रणा सांगते, की उघड्यावर काम करताना उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी ५० ते ७० टक्के मृत्यू पहिल्या काही दिवसांतच होतात.

मग करायचं काय? तिथलाच सोपा नियम आहे, २० टक्क्यांचा. नवा माणूस पहिल्या दिवशी उन्हात २० टक्के वेळ, म्हणजे आठ तासांतले साधारण दीड तास. दुसऱ्या दिवशी ४०, मग ६०, ८०, आणि पाचव्या दिवशी पूर्ण. उरलेला वेळ घरी नाही पाठवायचं, खाली सावलीत केबल कापू दे, नट-बोल्ट मोजू दे. काम असतंच.

जुन्या लोकांनो, हसू नका. आठवडाभर सुट्टी घेतलीत की कमावलेली सवय उतरायला लागते. परत आल्यावर ५०, ६०, ८०, १०० टक्के असं चढायचं. आणि हवामान बदलाचा इथे थेट संबंध येतो. उष्णतेची लाट अचानक आली की त्या तापमानाला टीममधले सगळेच नवे! दहा वर्षांचा अनुभवी माणूससुद्धा. लाटा आता वाढल्यात. त्यात सोलर हे वाढणारं क्षेत्र, भरती चालू, म्हणजे कुठल्याही छतावर पहिल्या आठवड्यातली माणसं सापडणारच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालात तर जगभरातले २४० कोटींहून जास्त कामगार अतिउष्णतेच्या तडाख्यात येतात असा आकडा आहे. त्यांनी कामाच्या जागेच्या उष्णतेशी जोडलेल्या मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराचाही हिशेब मांडलाय, २ कोटी ६२ लाख माणसं. म्हणजे चक्कर येऊन विषय संपत नाही.

‘टेन्शन नाही’ म्हणणाऱ्यासाठी एवढंच. दर पॅनलमागे ठरावीक पैसे मिळत असतील तर पाणी प्यायला थांबणं म्हणजे खिशातून पैसे जाणं. मग माणूस थांबत नाही. मीही थांबायचो नाही. ऑर्डर संपली की पुढचं काम कधी, याचा घोर वेगळाच, त्याने झोप उडते. जॉइन होण्याआधी विचारा: विश्रांतीचे पैसे कापता का? पहिल्या आठवड्यात उन्हात किती तास? विचारायला लाजू नका.

आणि ‘त्या पोराचं पुढे काय झालं’ असं विचारणार असालच, म्हणून सांगतो. तो आता स्वतः टीम सांभाळतो. त्याच्याकडे नवा माणूस आला की हेल्मेटवर पाच पट्ट्या चिकटपट्टीच्या लावतो, आणि रोज संध्याकाळी एक काढतो. पट्टी असलेला कोणी दुपारी छतावर दिसला, की पहिलं त्याला नाव विचारतो.