येडशीचा घाट सोळा फुटांत

(लातुरातल्या एका ग्रंथालयाच्या छंदमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

माझ्या चिमटीत जो माणूस आहे त्याची उंची १९ मिलिमीटर आहे. मागच्या रांगेतून तो दिसणार नाही, म्हणून या काडेपेटीत ठेवून पुढे पाठवतो. हातोहात फिरवा, फक्त पंख्याखाली पेटी उघडू नका. त्याच्या डोक्यावर फेटा आहे. शिवणाच्या दोऱ्याचे चार वेढे देऊन वर फेविकॉलचा थेंब टाकलाय. खांद्यावर घोंगडं आहे, ते चहाच्या पुडीच्या कागदाचं. खरा असता तर तो साडेपाच फूट उंच भरला असता. त्याला ८७ ने भागलं की १९ मिलिमीटर येतात.

या ८७ भोवतीच गेली बारा वर्षं माझ्या गच्चीवरच्या खोलीत रेल्वेचं छोटं मॉडेल बनवायचं काम चाललंय. या मापाला एचओ म्हणतात. खरा एक फूट म्हणजे मॉडेलवर साडेतीन मिलिमीटर. जगात सगळ्यांत जास्त चालणारं माप हेच. जर्मनीत हॅम्बुर्गला याच मापात एवढा पसारा उभा आहे की तो बघायला लोक परदेशातून येतात. तेवढ्या लांब जायला नको. पुण्यात कर्वे रोडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. मुलांना घेऊन जरूर जा. दिवे मंद होतात आणि डब्यांच्या खिडक्या उजळतात, तेव्हा पोरांच्या आधी मोठी माणसं पुढे झुकतात, हे मी दोनदा पाहिलंय.

मला मात्र युरोपातलं गाव करायचं नव्हतं. मला आपल्याकडची छोटी रेल्वे, बार्शी लाईट करायची होती.

इथे साठीच्या पुढची बरीच मंडळी दिसतात, त्यांना बार्शी लाईट सांगायला नको. तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं ही लाईन काढली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. कुर्डुवाडी स्टेशनाला तेव्हा बार्शी रोड म्हणत. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. कॅलथ्रॉपचा सगळा हिशेब एका आकड्यावर उभा होता: कुठल्याही आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही. भार हलका म्हणून रूळ हलके, रूळ हलके म्हणून खर्च कमी, आणि गेज अरुंद म्हणून वळणं आखूड. आमच्याकडचा कापूस आणि तेलबिया या हलक्या रुळांवरून मोठ्या लाईनीपर्यंत जात. आणि वैशाखात मी मामाच्या गावाला जाई तोही याच गाडीनं.

आता गंमत बघा. बाजारात एचओचे तयार रूळ मिळतात ते १६.५ मिलिमीटरचे. ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटर गेजच्या हिशेबानं केलेले. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागा, सव्वाएकोणीस येतात. म्हणजे आपलं इंजिन त्या तयार रुळांवर ठेवलं तर ते पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. बरेच जण ते चालवून घेतात, त्यात काही चूक नाही. पण मी नोकरीभर जमिनी मोजल्या. पावणेतीन मिलिमीटरची तूट मला रोज टोचली असती. मग एका रात्री सहज ७६२ ला ८७ ने भागून पाहिलं. ८.७६ आले. आणि त्याहून लहान, १६० पट कमी मापाच्या मॉडेलांसाठी जे एन गेज रूळ मिळतात, ते असतात ९ मिलिमीटरचे! फरक जेमतेम पाव मिलिमीटर. म्हणजे माणसं, घरं, झाडं एचओच्या मापाची आणि रूळ एन गेजचे, की झाली बार्शी लाईट. ही युक्ती माझी नाही. युरोपात अरुंद गेजची मॉडेलं अशीच करतात, त्याला एचओई म्हणतात. पण आपल्या गावची गाडी त्या हिशेबात इतकी चपखल बसते हे कळलं त्या रात्री मी झोपलो नाही.

आखूड वळणांचा फायदा इथेही झाला. एचओच्या गाडीला गोल वळायला पाऊण मीटरच्या वर रुंदी लागते, आमची अर्ध्या मीटरच्या फळीवर वळते. इंजिन तयार मिळालं नाही. एन गेजच्या तयार इंजिनाचा मोटार-चाकांचा खालचा भाग घेतला आणि वरचा साचा प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून कापून बसवला. डबेही तसेच.

माझी फळी १६ फूट लांब आहे. ऐकायला पुष्कळ वाटतं. १६ फूट गुणिले ८७ म्हणजे खरे सव्वाचारशे मीटर, म्हणजे एखादं छोटं स्टेशनही यार्डासकट पुरतं मावत नाही. मिरज ते लातूर हे साधारण साडेतीनशे किलोमीटर अंतर प्रामाणिकपणे मापात करायचं म्हटलं तर चार किलोमीटर लांबीची फळी लागेल. म्हणून लेआउट, म्हणजे फळीवरचा हा सगळा देखावा, करणाऱ्याचं पहिलं काम कापायचं. स्टेशन ठेवायचं, पण दोनच लाईनी. घाट ठेवायचा, पण एकच वळण. मी येडशीचं स्टेशन आणि रामलिंगाच्या बाजूचा थोडा घाट घेतला. ढोकी सोडलं, मुरुड सोडलं. मुरुड सोडताना जिवावर आलं, कारण मामा तिथेच उतरवून घ्यायला यायचा.

घाटाचाही हिशेब आहे. छोट्या इंजिनाला चाळीसास एक, म्हणजे चाळीस सेंटीमीटर पुढे जाताना एक सेंटीमीटर वर, एवढा चढ पुरे, त्यापुढे चाकं जागीच फिरतात. स्टेशन सपाट हवं, तिथे दीड मीटर गेला. उरलेल्या साधारण साडेतीन मीटरमध्ये चढ मिळतो पावणेनऊ सेंटीमीटर. एवढ्यात घाट दिसणार कसा? मग मी लाईन वर न्यायच्या ऐवजी जमीन खाली नेली. फळी कापून रुळाच्या एका अंगाला दरी उतरवली. गाडी चढते थोडी, पण डोळ्याला कड्यावरून गेल्यासारखी वाटते.

आता जमिनीबद्दल. दुकानातून मिळणारी सजावटीची पाकिटं हिरवीगार असतात. मराठवाड्याची जमीन वर्षातले सात-आठ महिने हिरवी नसते. ती काळी, करडी आणि वाळल्या गवताची पिवळी असते. म्हणून मी खरी माती वापरायची ठरवली. शेतातली काळी माती आणली, तव्यावर भाजली म्हणजे किडे-बुरशी राहू नये, कुटली, आधी पुरणाच्या चाळणीतून आणि मग मलमलीतून गाळली. आणि त्यानंतरची पायरी विसरू नका: मातीवरून लोहचुंबक फिरवा. आपली काळी माती बेसाल्टची, काळ्या दगडाची झीज आहे आणि त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. चुंबकाला अक्षरशः मिशा फुटतात! हे कण राहिले तर इंजिनाच्या मोटारीतलं चुंबक ते ओढून घेतं आणि महिन्याभरात मोटार बसते. रुळाखालच्या खडीचंही तसंच. क्रशरवरची कच आणून चाळली, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा दाणा ठेवला, चुंबक फिरवलं. मग पाणी घातलेला फेविकॉल, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि ड्रॉपरनं थेंब थेंब. लिक्विड नसेल तर गोंद दाण्यांवर मण्यासारखा उभा राहतो, आत शिरत नाही.

एवढं करून माती पसरली आणि ती चुकीची दिसली. तीच शेतातली माती, पण फळीवर डांबरासारखी काळी! मी दोन दिवस विचार करत होतो. मग गच्चीवरून दूरची नांगरलेली शेतं पाहिली तेव्हा उमगलं. दूरची जमीन कधीच पायाखालच्या जमिनीइतकी काळी दिसत नाही, मधल्या हवेनं ती फिकी होते. १:८७ चं दृश्य आपण खरं तर दुरून पाहत असतो. म्हणून त्या मातीत खडूची पूड आणि थोडी राख मिसळली. तेव्हा कुठे ती आमची माती दिसायला लागली.

बाभळींसाठी जुन्या वायरीतली तांब्याची तार पिळून खोड केलं, फांद्या आडव्या पसरवल्या, वर काथ्याचे धागे आणि चाळलेला लाकडाचा भुसा. गवत सुतळीचं. यावर अजून बोलता येईल, पण बाभळी इथे सगळ्यांनी पाहिल्यात.

एक चूक मात्र सांगितलीच पाहिजे, कारण आपल्या हवेत ती तुमच्याही हातून होईल. पहिल्या वर्षी मी रुळांचे सगळे जोड सोल्डर मारून पक्के केले. वीज अखंड जावी म्हणून. काम डिसेंबरात संपलं. मे महिन्यात पत्र्याच्या त्या खोलीत दुपारी गेलो तर इंजिन घाटातल्या वळणावर आडवं पडलेलं. रूळ स्लीपर सोडून चार मिलिमीटर बाहेर फुगला होता. रूळ जर्मन सिल्व्हरचे असतात. त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. पाच मीटर रुळाला हिवाळ्यापेक्षा पंचवीस अंश जास्त तापवलं तर तो दोन मिलिमीटर वाढतो. वाढायला लांबीत जागा मिळाली नाही की तो बाजूला फुगतो. आमच्या गल्लीत एक निवृत्त गँगमन राहतात, तात्या म्हणतात त्यांना. ते येऊन बघून म्हणाले, “साहेब, रुळाला बी उन्हाळ्यात अंग सोडायला जागा लागती. तुमी तर त्याला बांधून घातलाव.” सगळे जोड उकलले. प्रत्येक जोडात पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवली आणि विजेसाठी रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी बारीक तार दिली. नंतरच्या उन्हाळ्यांत एकदाही रूळ फुगला नाही.

विजेचं बाकी सोपं आहे. दोन रूळ म्हणजे दोन तारा, बारा व्होल्ट डीसी. प्लस-मायनस उलटं केलं की गाडी उलटी जाते. रोज धूळ बसते, म्हणून गाडी सोडण्याआधी स्पिरिटच्या बोळ्यानं रूळ पुसायचे.

वेगाबद्दल मी आग्रही आहे. पोरं आली की नॉब पूर्ण फिरवतात आणि गाडी सेकंदाला एक मीटर पळते. त्या मापात ते ताशी तीनशे किलोमीटरच्या वर होतं! बार्शी लाईट ताशी तीसनं धरली तर सेकंदाला साडेनऊ सेंटीमीटर. म्हणजे फलाटाच्या या टोकापासून त्या टोकाला जायला तिला दहा सेकंद लागायला हवेत. मी पोरांना आधी घड्याळ देतो, नॉब नंतर. दोन-तीन खेपांनी ती आपणहून हळू चालवायला लागतात.

आता एक प्रश्न मला नेहमी विचारतात, तो आजही येईल म्हणून आधीच घेतो. काका, तुमच्या लेआउटवर पाण्याची गाडी का नाही?

एप्रिल २०१६ आपण कोणीच विसरणार नाही. दुष्काळात लातूरला पाणी घेऊन मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या आल्या. या टाक्या कोट्याच्या वर्कशॉपात वाफेनं धुऊन घेतल्या होत्या. गाडी आली पंढरपूर-कुर्डुवाडीवरून, म्हणजे मोठ्या मानानं जुन्या बार्शी लाईटच्याच वाटेनं. मी तेव्हा घरी बसून एक हिशेब केला. एका वाघिणीत पन्नास हजार लिटर म्हणजे पन्नास टन नुसतं पाणी. कॅलथ्रॉपच्या नियमानं चार आसांची वाघीण स्वतःच्या वजनासकट वीस टनांच्या पुढे जाऊ शकत नाही. ती पाण्याची गाडी जुन्या रुळांवरून आलीच नसती. आमची छोटी लाईन २००७-०८ मध्ये ब्रॉडगेज झाली तेव्हा मला वाईट वाटलं होतं, खूप वाईट. त्या एप्रिलनंतर मी तसं म्हणत नाही. रुंद रूळ होते म्हणून आपण प्यायलो.

पण माझ्या फळीवर १९७० च्या सुमाराची वैशाखातली एक दुपार आहे. लेआउटवर दिवस एकच ठेवावा, नाहीतर सगळंच खोटं वाटायला लागतं. म्हणून पाण्याची गाडी तिथे येत नाही. तिच्यासाठी दाराशेजारी वेगळी तीन फुटांची फळी केलीय. रूळ त्यावर हातानं ठोकलेले, सव्वाएकोणीस मिलिमीटरचे. टाकीच्या दोन वाघिणी झाल्यात. त्या चालणार नाहीत, उभ्याच राहतील.

आता माझं एक काम आहे तुमच्याकडे. येडशीच्या यार्डात इंजिनाला पाणी द्यायची टाकी होती. मी जाऊन टेपनं मापं घेतली, जुन्या भरावाचा अंदाज आला, पण टाकीची जागा मला माझ्या आठवणीवरून पक्की करायची नाही, मी तेव्हा सात वर्षांचा होतो. मोजणीत आम्ही एक खूण कधी धरत नाही, तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून रेघा काढतो आणि त्या कुठे मिळतात ते बघतो. बाहेरच्या टेबलावर यार्डाचा कोरा नकाशा आणि पेन्सिली ठेवल्यात. ज्यांनी त्या गाडीनं प्रवास केलाय त्यांनी एकमेकांचं न बघता, टाकी आठवते तिथे फुली मारा. तिघांच्या फुल्या जिथे जुळतील तिथे मी ती उभी करीन. आणि तो फेटेवाला कुणाकडे आहे? काडेपेटी इकडे पाठवा.