प्रिंटरमध्ये कागद अडकतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. घरच्या इंकजेट प्रिंटरमध्ये कागद अडकला की बहुतेक घरांत कोणीतरी बाहेर दिसणारे टोक धरून ते जोरात ओढतो, आणि अर्धा कागद हातात येऊन उरलेला अर्धा आत अशा जागी जाऊन बसतो, जिथे बोटही पोहोचत नाही. म्हणून घाई करू नये. प्रथम प्रिंटरचे बटण दाबून तो बंद करावा, मग भिंतीवरचा प्लग काढावा आणि त्यानंतरच झाकण उघडावे, कारण वीज चालू असताना कार्ट्रिज, म्हणजे शाईची डबी, वाहून नेणारी गाडी कोणत्याही क्षणी सरकू शकते. कागद ज्या दिशेने पुढे जात होता त्याच दिशेने, दोन्ही कडा सारख्या धरून, तो सावकाश ओढावा. समोरून हाती लागत नसेल, तर पुष्कळ प्रिंटरना मागेही एक झाकण असते, ते काढून पाहावे. गाडीच्या मागे एक अरुंद पारदर्शक पट्टी आडवी ताणलेली दिसेल. तिला मात्र हात लावू नये, कारण तिच्यावरील बारीक रेघांवरूनच गाडी कुठे पोहोचली आहे हे यंत्राला कळते. पुन्हा सांगतो: आधी बटण, मग प्लग, मग झाकण, आणि ओढायचे ते कागदाच्या वाटेनेच.

कागद फाटलाच, तर निघालेले तुकडे टेबलावर जुळवून पाहावेत. कोपरा कमी भरला, तर तो आतच आहे असे समजावे.

आता, आत कागदाचा कपटाही नसताना ‘कागद अडकला आहे’ असा संदेश येतो, त्याविषयी बोलतो. आणि त्यासाठी चिपळूणच्या एका निवृत्त गुरुजींच्या घरची हकिगत सांगणे मला भाग आहे. गुरुजींच्या संकुलात कोजागरीचा कार्यक्रम होता आणि निमंत्रणे छापण्याचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले होते. निमंत्रण कागदावरच द्यावे, असे त्यांचे ठाम मत आहे, आणि मीही त्यांच्याच बाजूचा आहे, कारण मोबाइलवर निमंत्रण मिळालेला माणूस येणार आहे की नाही, हे मसाला दूध आटेपर्यंत कळत नाही. ते असो. गुरुजींनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवून बटण दाबले, तर यंत्र क्षणभर गुरगुरले आणि कागद अडकल्याचा दिवा लुकलुकू लागला. मागचे झाकण काढले, आत काही नाही. कागद ठेवायची जागा मोकळी केली, तिथेही काही नाही. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, तरी दिवा लुकलुकतच राहिला. अखेर नातवाने प्रिंटर उलटा करून झटकण्याचा उपाय सुचवला आणि तो उचललाही, तेवढ्यात आजी कडाडल्या, “अरे, त्याच्या टाक्यांत शाई आहे ना? माझ्या पांढऱ्या चादरीवर रंगपंचमी करणार आहेस का?” आजींचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. शाईच्या टाक्या असलेला प्रिंटर कधीही आडवा किंवा उलटा करू नये.

दुरुस्ती करणाऱ्या मुलाला फोन गेला. सगळे ऐकून घेतल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, “गुरुजी, दसऱ्याला प्रिंटरची पूजा केली होती का?” पूजा अर्थातच झाली होती. स्कूटर, शिलाई मशीन, कॉम्प्युटर यांच्याबरोबर प्रिंटरलाही हळदकुंकू, झेंडूचे फूल आणि अक्षता वाहिल्या होत्या, आणि मागच्या बाजूची कागद ठेवण्याची फट त्या वेळी उघडीच होती. मुलगा आला, त्याने विजेरीचा झोत वरून सरळ न टाकता बाजूने तिरपा टाकला आणि गुरुजींना आत पाहायला सांगितले. कागदाच्या वाटेवर काळ्या प्लॅस्टिकची एक छोटी पट्टी होती, आगकाडीच्या टोकाएवढी. तिच्या बुडाशी कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा रुतून बसला होता आणि शेजारी झेंडूची वाळकी पाकळी होती. प्रिंटरला कागद दिसत नाही. कागद पुढे आला की ही पट्टी दबते आणि गेला की उठते, एवढ्यावरूनच त्याला आत कागद आहे की नाही हे समजते. दाण्यामुळे पट्टी दबलेलीच राहिली होती. मुलाने चिमट्याने दाणा उचलून गुरुजींच्या तळहातावर ठेवला, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, “म्हणजे पूजा पोहोचली म्हणायची.” त्यावर मुलगा म्हणाला, “गुरुजी, आमच्याकडे दसऱ्यानंतर आठवडाभर अशाच अक्षता वेचायचे काम असते.” पुढच्या वर्षी आजींनी आधी फटीवर रुमाल अंथरला आणि मगच कुंकू लावले.

तेव्हा श्रोतेहो, कागद दिसत नसताना तक्रार येत असेल, तर आधी विजेरी तिरपी धरून मागची फट पाहावी. तिथे टाचणी, पेनाचे टोपण, केसांची पिन असे काहीही सापडू शकते. पुन्हा सांगतो, विजेरी तिरपी धरावी.

कागदाविषयी थोडक्यात सांगतो. साध्या छपाईसाठी 70 ते 80 जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन भरणारा, कागद पुरतो. पावसाळ्यात कागद हवेतली ओल शोषतो, त्याच्या कडा वाकतात आणि दोन-तीन कागद एकमेकांना चिकटून एकदम आत जातात. म्हणून गठ्ठा त्याच्या वेष्टनातच ठेवावा, लागतील तेवढेच कागद काढावेत आणि ते फडफडवून मोकळे करून घ्यावेत. पाठकोरे कागद वाया न घालवणाऱ्या घरांविषयी मला आदर आहे, परंतु ते कागद वाणसामानाच्या यादीसाठी वापरावेत, प्रिंटरसाठी नव्हे, कारण स्टेपलची राहून गेलेली एक पिन कागद आत ओढणाऱ्या रबरी रुळावर चरा पाडते.

कागद वारंवार तिरका जात असेल किंवा उचललाच जात नसेल, तर बहुधा रुळांवर कागदाची धूळ बसलेली असते. प्लग काढून, धागे न सुटणारे कापड स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळावे, रूळ हाताने फिरवत पुसावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. काम झाल्यावर प्लग लावून प्रिंटर एकदा सुरू करावा आणि त्याच्याच बटणाने बंद करावा, म्हणजे शाईची गाडी आपल्या जागी परत जाते आणि तिची तोंडे झाकली जाऊन शाई वाळत नाही.